आसरांच्या डोहातले मासे

मे महिन्यात रत्नागिरीहून कोणी खानदेशात जातं का, असं मला घरातल्या प्रत्येकाने विचारलं. "सगळी माणसं उन्हाळ्यात आपल्याकडे येतात आणि तू भुसावळच्या भट्टीत निघालीस," असं म्हणत आईने डब्यात आंबोळ्या भरून दिल्या. पण सिंधूचं माहेर बघायचं माझ्या मनात फार वर्षं होतं.

सिंधू आणि मी पुण्याला बी.एड.ला एका खोलीत राहायचो. मी खाडीकाठची, माशांवर वाढलेली. ती पक्की शाकाहारी. माझ्या डब्यात सुकट निघाली की खिडकी उघडून बसायची. तरी माशांच्या गोष्टी सांगायची तीच. "आमच्या गावच्या डोहात हाताएवढे लांब मासे आहेत. हातातली भाकरी खातात. त्यांना कोणी धरत नाही." मला हे खरं वाटायचं नाही. एवढा मासा समोर आहे आणि कोणी धरत नाही? आमच्याकडे पहिल्या पावसात मासे अंडी घालायला पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, वर चढतात, तेव्हा अख्खी वाडी टोपल्या घेऊन वाटेत उभी असते. पोटातल्या गाबोळीसकट ते कालवणात जातात आणि वर्षभर आपण म्हणतो, हल्ली मासे कमी झाले.

सिंधूचं म्हणणं खरं होतं. मी ते मासे पाहून आले. त्यानंतर काय झालं तेही पाहून आले, आणि ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

धुळे

सिंधू धुळ्याला शिकवते, म्हणून आधी तिच्याकडे उतरले. संध्याकाळी म्हटलं, नदी दाखव. नव्या गावात गेलं की मला नदी बघायची सवय आहे. सिंधू जरा घुटमळली, पण घेऊन गेली. तिच्या शेजारचे नानाही बरोबर आले. धोतर, टोपी, हातात काठी, आणि जन्म सगळा धुळ्यात गेलेला.

पांझरेच्या पात्रात पाणी नव्हतं असं म्हणता येणार नाही. काळं, दाट असं काहीतरी एका कडेने वाहत होतं आणि त्यात डुकरं लोळत होती. मी नाकाला पदर लावला. नाना पुलावरून खाली बघत, एक हात पोहल्यासारखा हलवत म्हणाले, "आठे आम्ही पव्हाले येत व्हतूत, ताई."

"आणि मासे?"

"आते कसाना मासा? पानीच नही शे. बठ्ठी गटार शे ही."

ते रागावून बोलले नाहीत. शेजारचं माणूस वारल्याला वर्षं झाली की त्याच्याबद्दल जसं बोलतात, तसं बोलले. मला त्या शांतपणाचाच राग आला. बाजारात मुंबईहून बर्फात घालून आलेले बोंबील आणि पापलेट मिळत होते, शिळे आणि महाग. नदीकाठच्या गावाने समुद्राचा शिळा मासा खायचा आणि नदीत डुकरं पाळायची! हे नानांना बोलून दाखवलं, तर ते हसले आणि त्यांनी मला उसाचा रस पाजला. त्यात बर्फ कसल्या पाण्याचा होता, हे विचारायची सोय नव्हती.

"चल उद्या," सिंधू म्हणाली. "माझी नदी बघ. मग बोल."

फैजपूरच्या पुढे

एस.टी.चा प्रवास मी सांगत बसत नाही. अमळनेरला गाडी बराच वेळ थांबली तेव्हा तेलाच्या घाण्यांचा जड वास सगळ्या स्टँडवर पसरला होता, एवढं आठवतं. यावल मागे पडलं आणि एकदम डोळ्यांना गारवा वाटायला लागला. दोन्ही बाजूंना केळी. कोकणात केळ म्हणजे न्हाणीघरामागचं एखादं झाड. इथे नजर जाईल तिथपर्यंत केळीच, आणि त्यांच्या डोक्यांवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ.

फैजपूरच्या स्टँडवर सिंधूचा मोठा भाऊ जीप घेऊन आला होता. प्रभाकरभाऊ. उंच, हसरा, अंगात पांढरा सदरा. मी नको नको म्हणत असताना त्याने माझी बॅग उचलली, वाटेत जीप थांबवून सावद्याच्या व्यापाऱ्याकडे जाणारे घड दाखवले, ट्रक कसा भरतात ते सांगितलं. "ताई, दिल्लीच्या माणसाने केळ खाल्लं की समजा आमच्याकडचंच." त्याचा अभिमान मला आवडला. मेहनती माणूस दिसत होता, आणि होताही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल बरं बोलणार नाही.

पिंपळदरे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. वेशीत नळयोजनेची उंच टाकी. टाकीला निळा रंग, खाली संगमरवरी पाटी, पाटीवर उद्घाटन करणाऱ्यांची नावं. टाकीत पाणी चढलेलंच नव्हतं. "लाइन यायचीये अजून," भाऊ म्हणाला. पाटीवरची अक्षरं मात्र फिकी व्हायला लागली होती.

घरी सिंधूच्या आई होत्या. त्यांना अख्खं गाव अक्का म्हणतं. नऊवारी, कपाळ मोकळं, कमरेला चाव्या. बाग, घर, गुरं सगळं त्यांच्या नावावर होतं आणि त्यांच्या बोलण्यातून ते कळायचं. अंगणात खाटांवर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत पडले होते. मला त्यांनी ओट्यावर बसवलं, आणि विचारपूस व्हायच्या आत कळण्याची भाकरी, ठेचा, तेल आणि मागून आमरस असं ताट समोर आलं. उडीद घातलेली ती काळसर भाकरी मी पहिल्यांदाच खाल्ली. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा अक्का म्हणाल्या, "खाय व पोरी, रडू नको. रडायचं तं सासरी."

मी सांगितलं की माझं लग्न झालेलं नाही. "मंग तं सुखी हायेस," म्हणत त्यांनी आणखी रस वाढला.

डोह

सकाळी ऊन चढायच्या आत अक्का स्वतः मला डोहावर घेऊन गेल्या. गारखडी ही काही मोठी नदी नव्हे. गावाजवळ ती दगडगोट्यांची कोरडी पट्टीच होती, उडी मारून ओलांडावी अशी. पण पात्रातून डोंगराकडे चालत गेलं की दोन्ही बाजूंचे काळे कातळ जवळ येतात, करंज आणि अर्जुनसादडे वाकून सावली धरतात, आणि मग समोर हिरवंगार, गार पाणी. काठावर शेंदूर लावलेले सात दगड, त्यांच्यापुढे हिरव्या बांगड्या. साती आसरा. पाण्याच्या देवता.

अक्कांनी पदरातली भाकरी कुस्करली आणि पाण्यात हात घातला.

आधी सावल्या हलल्या. मग कातळाखालून ते आले. मोठ्या मोठ्या खवल्यांचे, पाठ हिरवट, कुशी सोनेरी. पुस्तकात त्यांना महाशीर म्हणतात. अक्का नुसतं 'आसरांचे' म्हणत. त्यांच्यामधून बोटभर लांबीची चिल्लीपिल्ली पळत होती. कडेच्या गवतात एक मरळ आपल्या लालसर पिल्लांचा थवा सांभाळत होती. मी, जिला मासा दिसला की आधी मसाला आठवतो, काठावर बसून राहिले. एक मासा अक्कांच्या बोटांना तोंड लावून गेला. मी हात घातला तर माझ्याकडे कोणी आलं नाही.

"वास ओयखतात," अक्का म्हणाल्या. "तू खाणारी हायेस."

डोहाच्या कडेला वाळूत बायकांनी झिरे उकरले होते. वाटीने पाणी भरत तडवी भिल्लांच्या वस्तीतल्या बायका बसल्या होत्या. त्यांतल्या जैतूनबाईंशी अक्कांची खास दोस्ती. तडवींची वस्ती ओढ्याच्या खालच्या अंगाला. होळी पेटली की डोहात जाळं नाही, गळ नाही, इंजिन नाही. पोळा झाला की खालच्या प्रवाहात तडवींनी मासे धरायचे, तेही आसरांच्या दगडांच्या खाली. गावाने आणि वस्तीने मिळून हे ठरवलेलं. कधी ठरवलं, कोणालाच माहीत नाही.

"देवाच्या भीतीने?" मी विचारलं.

अक्कांनी नऊवारी जरा वर करून पोटरी दाखवली. दोन जुने, खोल व्रण. "नारू निघालता. गावच्या बारवेचं पानी पेत होतो तवा. त्या बारवेत मासा नव्हता. मासा हाये तं पान्यात किडा राहत नही. देव बी हाये आन पोट बी हाये."

जैतूनबाई हसल्या. मला वाटलं, आमच्या शाळेतल्या मुलांना इथे आणून बसवावं आणि एक अक्षर न बोलता परत न्यावं.

इंजिन

त्यानंतरच्या एका सकाळी मी जागी झाले ती इंजिनाच्या आवाजाने. धडधड, धडधड, डोंगराच्या बाजूने. अक्का चुलीपाशी होत्या. त्यांच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी परातीत पडली.

डोहावर जाऊन पाहिलं. काठावर डिझेल इंजिन ठेवलेलं, आणि त्याचा जाड काळा पाइप सातही दगडांना वळसा घालून पाण्यात सोडलेला. जणू वळसा घातला की आसरांना दिसणार नाही. दुसरं टोक केळीच्या बागेकडे गेलं होतं. बाग कोणाची, हे विचारावं लागलं नाही.

दुपारी प्रभाकरभाऊ जेवायला आला तेव्हा अक्कांनी त्याला वाढलं आणि मग विचारलं, "कायले रे?"

"विहिरीनं तळ गाठलाय, अक्का. घड पोसायच्या वेळेला पाणी तोडलं तर बाग बसते. थोडे दिवस. पाऊस पडला की डोह भरतोच."

"आन तोवर वस्ती काय पील?"

"टँकर मागवतो मी. बोललोय साहेबांशी."

मी पाहुणी. मी गप्प बसायला हवं होतं. पण घराजवळच्या पाटातून त्याच्या बागेत भर दुपारी पाणी खळाळत जाताना मी पाहिलं होतं, बांध फुटून वाटेवर चिखल झालेला पाहिला होता. म्हटलं, "भाऊ, पाणी वाया चाललंय तुमच्या बागेत. रात्री देता येईल, एकाआड एक वाफा देता येईल. सरळ डोहच उपसायला काढलात?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. "ताई, तुमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि सगळा समुद्राला जातो. तुम्ही आम्हाला पाणी वाचवायला शिकवणार?"

ते मला लागलं, कारण खोटं नव्हतं. पण आमचं पाणी वाया जातं म्हणून जैतूनबाईच्या झिऱ्यातलं ओढून घ्यायचा हक्क त्याला कोणी दिला? हे मी बोलले. सिंधूने हळूच माझा पाय दाबला. भाऊ हात धुऊन उठला आणि जाताना म्हणाला, "सिंधू, मैत्रिणीला आमरस वाढ. शांत होईल."

इंजिन चालूच राहिलं. डोहाच्या कातळावर ओलीची रेघ रोज खाली सरकत गेली. मोठे मासे मधल्या खोलगटात दाटीने उभे राहिले, पाठी उघड्या पडतील अशा पाण्यात. अक्का भाकरी टाकायला गेल्या तर ते वर आले नाहीत. कावळे आणि बगळे मात्र काठावर येऊन बसायला लागले.

सरपंचाकडे गेलो. तो म्हणाला, प्रभाकरभाऊंना मी काय सांगणार? तलाठी सावद्याला गेला होता आणि कधीही गेलो तरी तो सावद्यालाच गेलेला असे.

साहेब

त्या दिवशी आम्ही अंगणात कुरडया घालत होतो. सकाळचं ऊन कोवळं होतं. डोंगराच्या बाजूने एक दबका धक्का बसला, भांडी खणखणली. मग दुसरा. "विहिरीचा सुरुंग असेल," सिंधू म्हणाली. अक्का उठून उभ्या राहिल्या. "इहीर त्या अंगाले नही," म्हणाल्या आणि चालायला लागल्या. त्या वयात एवढ्या भरभर चालणारं माणूस मी पाहिलेलं नाही.

डोहावर एक सरकारी जीप उभी होती. अर्जुनसादड्याच्या सावलीत सतरंजी अंथरून एक साहेब बसले होते. काळा चष्मा, पायांत बूट, शेजारी थर्मास. त्यांचं खातं आणि हुद्दा मला नंतर समजला, पण सांगत नाही. बरोबर प्रभाकरभाऊच्या विहिरीचं काम घेतलेला ठेकेदार होता. विहिरीच्या कातळाला लावायच्या जिलेटिनच्या कांड्या त्याने डोहात टाकल्या होत्या.

पाणी आधीच कमी. त्यात पांढरी पोटं वर करून सगळे तरंगत होते. काही अजून तोंड उघडत-मिटत होते. ठेकेदाराची माणसं गुडघाभर पाण्यात उतरून मोठे तेवढे गोणत्यात भरत होती. लहान मासे, मरळीची पिल्लं, झिंगे, सगळं हाताने बाजूला सारत होती, ताटातला कढीपत्ता सारावा तसं. एका माशाचं पोट फाटलं होतं आणि त्यातून तयार होत आलेली अंडी कातळावर पसरली होती.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही कोणाकडच्या?"

मी काय म्हणते आहे, हे त्यांनी विचारलं नाही. कोणाकडची, हे विचारलं.

"या पाण्यावर माणसं जगतात," मी म्हणाले. "सुरुंगाने मासे मारणं गुन्हा आहे. तुम्ही सरकारी माणूस आहात, तुम्हाला माहीत हवं."

"बाई, नदी सरकारची आहे."

"मग सरकारचे मासे तुम्ही कोणाला विचारून मारलेत?"

ठेकेदार हसला. "साहेबांना मासे आवडतात हो. चार नेले तर काय होतं? तुमच्या भाऊंनीच तर सांगितलं, पाणी उतरलंय, आता सोपं आहे."

अक्कांनी हे ऐकलं. त्या आसरांच्या दगडांपाशी जाऊन खाली बसल्या आणि एक बोटभर मासा ओंजळीत घेऊन पाण्यात धरून ठेवला, पुन्हा हलेल म्हणून. जीप गेली तरी त्या तशाच बसून होत्या. मासा हलला नाही.

ठाणं

सिंधू आणि मी त्याच दिवशी तालुक्याला गेलो. ठाण्यात पंख्याखाली एक हवालदार बसले होते. आम्हाला त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, चहा मागवला. सुरुंग लावून मारल्याची फिर्याद आहे म्हटल्यावर कागद पुढे ओढून विचारलं, "मयत कोण?"

"मासे," मी म्हणाले.

ते हसले आणि हसताहसता मागच्या खोलीत जाऊन दुसऱ्यांना सांगून आले. त्या खोलीतही हसण्याचा आवाज आला. परत आल्यावर म्हणाले, "माशांची फिर्याद कशी घेणार, ताई? फिर्यादी कोण? मालक कोण?"

मी कायदा सांगितला. स्फोटकं किंवा विष घालून मासे मारायला बंदी आहे, इंग्रजांच्या काळापासून आहे. "तो तुमच्या समुद्राचा असेल," ते म्हणाले. मग सिंधूने साहेबांचं नाव सांगितलं. हवालदारांनी पेनाला टोपण लावलं, चहाचे कप उचलायला सांगितलं आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "सिंधूताई, तुम्ही मोठ्या घरच्या. घरातली गोष्ट ठाण्यात कशाला आणायची?"

बाहेर आलो तेव्हा मला रडू येत होतं, दुःखाने नव्हे. जिलेटिनची कांडी विहिरीसाठी दिली जाते, तिचा हिशेब कोणीतरी ठेवायचा असतो. पाण्यात इंजिन लावायला कोणाची तरी परवानगी लागते. टाकीच्या पाटीवर ज्यांची नावं आहेत त्यांनी कधीतरी नळ सोडायचा असतो. या प्रत्येक कामाला एक माणूस नेमलेला आहे आणि प्रत्येक जण चहा पाजून परत पाठवतो.

ओटा

दोन दिवसांत डोह सडला. उन्हाने ते उरलेलं पाणी तापायचं आणि त्यात हजारो बारीक मासे. झिऱ्यांतल्या पाण्यालाही वास यायला लागला. वस्तीतल्या पोरांना उलट्या सुरू झाल्या. साहेबांनी कबूल केलेला टँकर आला नाही.

जैतूनबाई घरी आल्या आणि ओट्याच्या पायरीशी उभ्या राहिल्या. "अक्का, पानी मेलं व."

अक्का उठल्या. त्यांनी घरातल्या सगळ्या टोपल्या काढल्या. आम्ही बायका, गावातल्या आणि वस्तीतल्या, नाकाला फडकी बांधून डोहात उतरलो आणि ते सगळं कुजलेलं भरलं. माझे हात कोपरापर्यंत त्यात होते. आयुष्यभर मासे साफ केलेले हात, तरी मी दोनदा काठावर जाऊन ते वाळूने घासून आले. टोपल्या भरल्यावर एकीने विचारलं, कुठे टाकायचं, खड्डा करू का?

"माह्या ओट्यावर," अक्का म्हणाल्या.

सगळ्या थांबल्या.

"आयकू नही आलं का? माह्या ओट्यावर टाका."

प्रभाकरभाऊ ओट्यावर ठेकेदाराबरोबर चहा पीत बसला होता. पहिली टोपली अक्कांनी स्वतः ओतली, दोघांच्या पायांपाशी. मग एकेक बाई पुढे आली. भाऊ उठून उभा राहिला, "अक्का, हे काय?" एवढंच परत परत म्हणत राहिला. ठेकेदार ओट्यावरून उडी मारून अंगणात गेला.

"तुह्या पाव्हन्याले सांग," अक्का म्हणाल्या, "राह्यलेले बी घेऊन जा. साहेबाले आवडतात ना."

"मी सुरुंग टाकायला सांगितलं नव्हतं."

"पानी कोनं उतरवलं?"

तो खालच्या आवाजात म्हणाला, "बाग तुझीच आहे, अक्का. इंजिन थांबलं तर जळेल."

"जयू दे," अक्का म्हणाल्या. "इंजिनाचं हँडल म्या सकायीच काढून आनलं. कोठीत हाये. हिंमत हाये तं माह्या अंगावरून जाऊन घे."

तो गेला नाही. फैजपूरहून दुसरं हँडल आणणं त्याला कठीण नव्हतं. तेही त्याने केलं नाही. संध्याकाळी तो मोटारसायकल काढून सावद्याला निघून गेला. ओटा आम्ही राखेने आणि मातीने घासला, तरी वास गेला नाही. त्या घरात मायलेक त्यानंतर माझ्यासमोर एकमेकांशी बोलले नाहीत. केळीची पानं कडेने पिवळी पडायला लागली आणि अक्का रोज बागेला एक फेरी घालून यायच्या. त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत व्हायची नाही.

वरचं कुंड

इंजिन थांबल्यावर डोहात खालून पाझर यायला लागला. पाणी आधी गढूळ होतं, मग निवळलं. बायका परत झिरे उकरायला लागल्या. पण पाण्यात काही हलत नव्हतं. मला ते स्वच्छ पाणी बघवत नव्हतं.

"वर कुंडात हायेत," जैतूनबाई म्हणाल्या. "जंगलात. तेथून आनू."

माझ्या परतीच्या आदल्या सकाळी आम्ही चौघी निघालो. अक्का, जैतूनबाई, सिंधू आणि मी. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तांब्याची कळशी. ओढ्याच्या पात्रातून दगडांवर पाय ठेवत वर चढलो. सालईची झाडं पानं गाळून पांढरी उभी होती. बरंच वर गेल्यावर दोन कातळांच्या मधे एक लहानसं कुंड लागलं आणि त्यात, खरंच, आसरांच्या माशांची पिल्लं होती. बोटभर, वीतभर. जैतूनबाईंनी ओढणीचं जाळं केलं. मी आजवर शेकडो मासे धरलेले पाहिले आहेत. मासा जगावा म्हणून धरताना पहिल्यांदाच पाहिला. प्रत्येक कळशीत थोडेच घेतले, वर ओलं फडकं बांधलं आणि परत फिरलो.

खाली उतरताना वाटेत जंगल खात्याचा गार्ड उभा होता. खाकी, कडक इस्त्रीचा.

"कळशीत काय?"

"मासे," सिंधू म्हणाली. "डोहात सोडायला नेतोय."

"राखीव जंगलातून मासे काढायला परवानगी आहे?"

मी त्याला विचारलं, गेल्या आठवड्यात दोन स्फोट झाले, जीप खाली डोहापर्यंत आली आणि मासे भरून गेली, तेव्हा तू कुठे होतास? तो म्हणाला, ती हद्द त्याची नाही. डोह त्याच्या हद्दीबाहेर होता, कुंड हद्दीत. तो माझ्याशी उद्धटपणे बोलला नाही. त्याने फक्त वही काढली.

कळशीत मासे फडफडत होते. पाणी तापायला लागलं होतं.

अक्का म्हणाल्या, "लिही बाबा. लवकर लिही. पह्यलं नाव माह्यं घाल." त्यांनी नाव सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं, गाव सांगितलं. मग जैतूनबाईंनी सांगितलं. मग सिंधूने. माझ्यापाशी आल्यावर तो थबकला. "रत्नागिरी? तुमचा इथे काय संबंध?" मी म्हटलं, "लिहा." त्याने लिहिलं, आम्ही चौघींनी खाली सही-अंगठा केला आणि त्याने वाट सोडली.

डोहावर आम्ही कळशा पाण्यात बुडवून आडव्या केल्या. पिल्लं लगेच बाहेर आली नाहीत. मग एक आलं, कातळाच्या सावलीत जाऊन थांबलं आणि एकदम दिसेनासं झालं. त्याच्यामागून बाकीची गेली. काही पोटं वर करून तरंगली. ती अक्कांनी वेचून काठावर पुरली.

मी रत्नागिरीला परत आले. सिंधूचं पत्र कालच आलं. साहेबांची बढतीवर बदली झाली. ठेकेदार विहिरी खणतो आहे. अर्धी बाग गेली. आणि त्या डोहातल्या माशांच्या बाबतीत आजपर्यंत सरकारदरबारी फक्त चार जणींवर गुन्हा नोंदला गेला आहे. सुनावणीला हजर राहायचा कागद चौघींना आला. मी रजेचा अर्ज दिला आहे.